स्टेपनी गेली, बाटली आली : सीलंट किट कधी तारते, कधी नाही

रांजणगावचा महागणपती, मोरगावचा मयूरेश्वर आणि सिद्धटेकचा सिद्धिविनायक या तीन स्थानांना जोडणाऱ्या वाटा शिरूर आणि दौंड तालुक्यांतून जातात. पुण्याहून निघालेली मोटार शिकरापूर, रांजणगावपर्यंत महामार्गाने सुखरूप येते. तेथून न्हावरे, पारगाव, केडगाव चौफुला अशी वळली, की दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्येच भीमेचे पात्र लागते. गावे आहेत, पण दोन गावांच्या मध्ये दिवेलागणीनंतर मनुष्य भेटेलच असे नाही. ऊसतोडणीच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या याच रस्त्याने कारखान्याकडे जातात. अशा ठिकाणी टायर बसला, तर चालक सवयीने डिकी उघडतो आणि स्टेपनीकडे हात घालतो. अलीकडच्या अनेक मोटारींत तेथे स्टेपनीऐवजी एक बाटली आणि छोटा हवेचा पंप सापडतो.

ही बाटली म्हणजे सीलंट किट. ती उपयोगी आहे, परंतु स्टेपनीची सगळी कामे ती करीत नाही. कोणत्या पंक्चरला ती चालते, कोणत्याला नाही आणि वापरल्यानंतर काय करावे लागते, हे रस्त्यावर उभे राहून वाचण्यापेक्षा घरी समजून घेतलेले बरे.

नियम काय सांगतो

मोटारीत जादा चाक असलेच पाहिजे, ही अपेक्षा भारतात २०२० मध्ये बदलली. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्या वर्षी दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबर २०२० पासून ती लागू झाली. चालकासह जास्तीत जास्त ९ जणांची आसनव्यवस्था असलेल्या आणि एकूण वजन ३.५ टनांपर्यंत असलेल्या प्रवासी मोटारींना ती लागू आहे. अशा मोटारीचे टायर ट्यूबलेस असतील, टायरमधील हवेचा दाब चालकाला कळवणारी यंत्रणा, म्हणजेच टीपीएमएस, बसवलेली असेल आणि टायर दुरुस्तीचे किट दिलेले असेल, तर त्या मोटारीला जादा चाकाची सक्ती राहिलेली नाही.

यामागचे कारण जागेचे आहे. विद्युत मोटारींच्या बॅटरीला जागा लागते आणि चाक, जॅक, पाना यांचे वजन कमी झाले तर गाडीला ते हवेच असते. एमजी कॉमेटसारख्या छोट्या विद्युत मोटारीत स्टेपनी ठेवायला जागाच नाही. नियमाचा गाभा मात्र तीन अटी एकत्र असण्यात आहे. दाब कमी झाल्याची सूचना वेळीच मिळाली, तरच टायर पूर्ण बसण्यापूर्वी चालक थांबू शकतो, आणि वेळीच थांबलेल्या टायरवरच सीलंट काम करते. बाजारातून किट विकत आणून जुन्या गाडीतील स्टेपनी घरी काढून ठेवणाऱ्यांनी हा संबंध लक्षात घ्यावा.

वेल्समधून आलेला शब्द

जादा चाकाला आपल्याकडे सर्रास स्टेपनी म्हणतात. हा शब्द वेल्समधील लॅनेली या गावातून आला. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे आणि पंक्चर झाले की भर रस्त्यात टायर उतरवून ट्यूब जोडावी लागे. १९०४ मध्ये लॅनेली येथील टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी आरे नसलेली, हवा भरलेला टायर चढवलेली एक धाव तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून आवळून बसवायची आणि मार्गस्थ व्हायचे. डेव्हिस बंधूंचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, त्यावरून त्या चाकाला नाव मिळाले. इंग्लंडमध्ये हा शब्द मागे पडला, भारतात तो टिकला.

डेव्हिस यांचे चाक आणि आजची बाटली यांचा हेतू एकच आहे, अडकलेल्या माणसाला पुढच्या मुक्कामी पोहोचवणे. फरक असा, की चाक बदलल्यावर पंक्चर झालेला टायर वापरातून बाजूला होतो, तर सीलंटने तोच टायर पुन्हा रस्त्यावर धावतो. किटच्या वापराचे बहुतेक सगळे नियम या फरकातून आले आहेत.

बाटलीत असते काय

बहुतेक किटमधील द्रव रबराच्या चिकापासून केलेला असतो. पाण्यात तरंगणारे रबराचे सूक्ष्म कण, चिकटपणासाठी राळेसारखे पदार्थ आणि द्रव गोठू वा लवकर वाळू नये म्हणून ग्लायकॉल, असे त्याचे साधारण स्वरूप असते. काही प्रकारांत बारीक तंतूही मिसळलेले असतात. मोटारीच्या एका टायरसाठी सुमारे ४५० मिलिलिटरची बाटली पुरते. सोबत गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असतो.

टायरमधील हवा छिद्रातून बाहेर पडताना हा द्रव आपल्याबरोबर ओढून नेते. छिद्राच्या अरुंद वाटेत रबराचे कण एकमेकांवर दाबले जाऊन चिकटतात, त्यांची गुठळी होते आणि वाट बुजते. उभ्या टायरमध्ये मात्र द्रव तळाशी साचलेला असतो. छिद्र वरच्या बाजूला असेल तर तो तेथे पोहोचतच नाही. म्हणून सीलंट भरून हवा मारली एवढ्यावर काम संपत नाही. चाक फिरले, द्रव आतून सर्वत्र पसरला, म्हणजेच गाडी चालली, की मगच छिद्र बंद होते.

दुचाकींच्या टायरमध्ये आधीच भरून घेतले जाणारे जेल हा निराळा प्रकार आहे. ते पंक्चर होण्यापूर्वी भरतात आणि टायरमध्येच राहू देतात. मोटारीच्या किटमधील द्रव आणीबाणीसाठी असतो आणि काम झाले की तो धुऊन काढायचा असतो.

कोणते पंक्चर चालते

टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, त्या नक्षीच्या पट्ट्यात खिळा, स्क्रू किंवा तारेचा तुकडा घुसून पडलेले छोटे छिद्र, एवढेच या किटचे क्षेत्र. छिद्राची मर्यादा किटनुसार साधारण ४ ते ६ मिलिमीटर असते. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींच्या परिसरात अवजड वाहतूक मोठी आहे. अशा रस्त्यांवर टायरमध्ये लोखंडी तुकडा घुसणे नवलाचे नाही आणि असे पंक्चर बहुतेक वेळा किटच्या आवाक्यात असते.

पुढील प्रसंगी मात्र बाटली उघडू नये.

टायरच्या बाजूच्या भिंतीला छिद्र किंवा चीर पडली असेल, तर सीलंट चालत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ही भिंत दबते आणि सरळ होते. तेथे बसलेली गुठळी टिकत नाही, शिवाय टायरचे बळ ज्या धाग्यांवर असते तेच दुखावलेले असतात.

खड्ड्यात किंवा न दिसलेल्या गतिरोधकावर आपटून रिम वाकली असेल आणि टायर व रिम यांच्या सांध्यातून हवा जात असेल, तरी सीलंटचा उपयोग नाही. तेथे बुजवायला छिद्रच नसते.

हवा गेल्यावरही गाडी काही अंतर तशीच चालवली असेल, तर टायरची भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडली जाते. वरून टायर धड दिसला तरी आतून तो निकामी झालेला असू शकतो. भिंतीवर गोलाकार घासल्याची रेघ किंवा वळ्या दिसल्या, तर त्यात हवा भरून प्रवास करणे धोक्याचे आहे.

दोन टायर एकाच वेळी बसले, तर एका बाटलीत एकच टायर होतो. ट्यूब असलेल्या टायरसाठीही ही किट नसतात.

आधी हवा, मग सीलंट

किट हाती घेण्यापूर्वी गाडी शक्य तेवढी रस्त्याच्या कडेला, सपाट आणि कठीण जमिनीवर घ्यावी. धोक्याचे चारही दिवे लावावेत, हॅंडब्रेक ओढावा, परावर्तक त्रिकोण मागून येणाऱ्या वाहनाला लांबून दिसेल असा ठेवावा. प्रवाशांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. उसाच्या ट्रॉलीमागून वेगाने येणाऱ्या वाहनाला कडेची गाडी अगदी शेवटच्या क्षणी दिसते. किटची मोठी सोय इथेच आहे. त्यात जॅक लावून चाकाशेजारी बसावे लागत नाही आणि ज्यांना नट सोडवण्याइतका जोर लावता येत नाही, त्यांनाही ते वापरता येते.

त्यानंतर टायर नीट पाहावा. खिळा दिसत असेल तर तो उपटू नये. तो स्वतःच छिद्राचा अर्धा बूच असतो. हवा अगदी हळूहळू जात असेल, तर सीलंट न भरता कॉम्प्रेसरने नुसती हवा भरून पाहावी. दहा-पंधरा मिनिटे दाब टिकत असेल आणि पंक्चरचे दुकान जवळ असेल, तर टीपीएमएसवर लक्ष ठेवून तेवढ्यावरही तेथपर्यंत जाता येते. टायर स्वच्छ राहतो, बाटली शिल्लक राहते आणि दुरुस्ती सोपी होते. बहुतेक किटमध्ये नुसती हवा भरण्याची सोय असते, पण घाईत सीलंटच आधी ओतले जाते.

हवा टिकत नसेल तेव्हा सीलंट. त्याची रीत साधारण अशी :

- बाटलीवरील मुदत पाहावी आणि सूचनेत असेल तर बाटली चांगली हलवावी. सीलंट डोळ्यांत जाऊ देऊ नये. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्यांनी त्याला हात लावू नये.
- बाटली कॉम्प्रेसरला जोडून तिची नळी टायरच्या व्हॉल्व्हवर घट्ट बसवावी. काही किटमध्ये आधी व्हॉल्व्हची पिन काढून द्रव हाताने दाबून भरावा लागतो आणि पिन पुन्हा बसवून मग हवा भरायची असते. आपल्या किटचा प्रकार कोणता, हे आधीच पाहून ठेवावे.
- गाडी मोकळ्या हवेत असेल तर इंजिन चालू ठेवून कॉम्प्रेसर सुरू करावा, म्हणजे बॅटरी उतरत नाही. विद्युत मोटार चालू स्थितीत ठेवावी.
- सुरुवातीला दाबाचा काटा एकदम वर जातो. घट्ट द्रव व्हॉल्व्हमधून जात असल्यामुळे हे घडते, घाबरून पंप बंद करू नये. अर्ध्या-एक मिनिटात काटा खाली येतो आणि नंतर खरा दाब दिसू लागतो.
- दहा मिनिटांत दाब साधारण २६ ते २९ पौंडांपर्यंत पोहोचला नाही, तर नळी काढून गाडी काही मीटर हळू पुढे-मागे घ्यावी, म्हणजे द्रव आत पसरतो. कॉम्प्रेसर थंड होऊ द्यावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. तरीही हवा धरत नसेल, तर ते पंक्चर किटच्या आवाक्याबाहेरचे समजावे.
- दाब धरला, की लगेच निघावे. थांबून चहा घेतला तर द्रव तळाशीच राहतो. सुमारे दहा किलोमीटर किंवा दहा मिनिटे चालवून पुन्हा दाब पाहावा. तो १९ पौंडांच्या, म्हणजे १.३ बारच्या खाली गेला असेल तर पुढे जाऊ नये. त्याहून अधिक असेल तर दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून पुढे जावे.

मोटारीच्या पुस्तिकेतील आकडे यापेक्षा थोडे निराळे असतील, तर पुस्तिकेतीलच आकडे पाळावेत.

ऐंशीची मर्यादा

किटसोबत ताशी ८० किलोमीटर असे लिहिलेला एक चिकटपत्ता असतो. तो चालकाला सतत दिसेल असा लावायचा असतो. वेग वाढला की टायर तापतो, आतला द्रव एका बाजूला सरकून चाक थरथरू लागते आणि छिद्रातील ताजी गुठळी निसटू शकते. जोरात ब्रेक दाबणे आणि वळणावर वेग ठेवणे टाळावे. पुणे-सोलापूर महामार्गावर वाहने वेगाने धावतात. तेथे डाव्या मार्गिकेत राहून जवळचे दुकान गाठणे हाच शहाणपणा.

काही उत्पादक सीलंटवर जास्तीत जास्त २०० किलोमीटर जाण्यास परवानगी देतात, काही नुसते जवळच्या दुकानापर्यंत असे म्हणतात. मोठा आकडा पाहून यात्रा पूर्ण करण्याचा मोह होतो. पण न्हावऱ्याजवळ सीलंट भरलेली गाडी चौफुल्याला पंक्चरवाल्याकडे न्यायची असते. मोरगाव आणि सिद्धटेक करून पुण्याला परतण्यासाठी ही सोय नाही.

पंक्चरवाल्याकडे गेल्यावर

टायर काढण्यापूर्वीच आत सीलंट भरले आहे, असे कारागिराला स्पष्ट सांगावे. त्याला दोन कारणे आहेत. टायर उघडताच द्रव बाहेर येतो आणि काम अवघड होते, हे एक. दुसरे कारण सुरक्षेचे. दाबाच्या डब्यांतून मिळणाऱ्या काही सीलंटमध्ये ज्वालाग्राही वायू असतो. असा वायू साचलेल्या टायरजवळ ठिणगी पडणे किंवा टायर न उतरवता रिमला वेल्डिंग करणे जीवावर बेतू शकते.

चांगल्या दुरुस्तीत टायर रिमवरून उतरवतात, आतला द्रव पाण्याने धुतात, भिंत आतून चिरडली आहे का ते पाहतात आणि छिद्राला आतून मशरूम पॅच लावतात. बाहेरून खुपसलेली रबरी दोरी हवा थांबवते, पण टायरची आतली बाजू कोणी पाहिलेली नसते. सीलंट ओले असताना धुणे सोपे जाते, वाळल्यावर ते खरवडावे लागते. दाबाचा सेन्सर व्हॉल्व्हला जोडून आत बसवलेला असेल, तर तोही पुसून घ्यावा, नाहीतर चिकट थरामुळे तो चुकीचा दाब दाखवू शकतो किंवा निकामी होतो. शेवटी चाकाचे बॅलन्सिंग करावे. काही उत्पादक सीलंट वापरलेला टायर दुरुस्त न करता बदलण्यास सांगतात, त्यामुळे हमीचे कागद पाहणे इष्ट.

धुतलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला सोडू नये. ग्लायकॉल जनावरांच्या पोटात गेल्यास घातक ठरू शकते.

उन्हाळा आणि मुदत

शिरूर-दौंड पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद मोटारीच्या आत त्याहून कितीतरी अधिक ताप असतो. रबराचा चीक जुना झाला की घट्ट होतो, त्यात गाठी पडतात आणि नेमक्या वेळी तो व्हॉल्व्हमध्येच अडकतो. बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते. ती उलटली की बाटली बदलावी लागते, मग ती एकदाही उघडलेली नसली तरी. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने ही तारीख आवर्जून पाहावी, कारण मूळ मालकाने ती पाहिलेली असण्याची शक्यता कमी. दाबाच्या डब्यांवर बहुधा ५० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णतेत ठेवू नये अशी सूचना असते. आपल्याकडच्या उन्हात उभ्या मोटारीत असे डबे ठेवणे म्हणूनच योग्य नाही.

निघण्यापूर्वी

मोटारी बनतात त्याच तालुक्यात हा प्रश्न अधिक ठळक दिसतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतून उभा राहिलेला मोटार प्रकल्प आहे. २०१७ पासून जीप कंपास तेथे तयार होते. प्रकल्पाच्या फाटकापासून थोड्याच अंतरावर ऊस, ट्रॉल्या आणि अंधारे रस्ते सुरू होतात. शहरात पंक्चर झाले तर दहा मिनिटांत दुकान सापडते, म्हणून शहरी ग्राहकाला स्टेपनी नसल्याची उणीव जाणवत नाही. ती जाणवते ती भिंत फाटलेला टायर घेऊन मांडवगण फराटा किंवा राहू यांसारख्या गावांच्या मध्ये रात्री उभे राहिल्यावर. त्या वेळी बाटलीचा उपयोग शून्य असतो आणि गाडी उचलून नेणे एवढाच मार्ग उरतो.

म्हणून नवी मोटार घेताना डिकीचा तळ उचलून पाहावा. स्टेपनी नसेल, तर जादा पैसे देऊन ती मिळते का आणि ठेवायला जागा आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. कंपनीची रस्त्यावरील मदत किती वर्षे आहे आणि तालुक्याच्या गावांत ती पोहोचते का, हेही लिहून घ्यावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि संकटात ११२ हे क्रमांक सर्वांना ठाऊक असावेत. महिन्यातून एकदा थंड टायरची हवा तपासावी, कारण कमी हवेचा टायर अधिक तापतो आणि आधी बसतो. विजेरी, हातमोजे, दाबमापक आणि मुदतीतील बाटली एवढे सामान डिकीत असावे. घरातील जे जे कोणी गाडी चालवतात, त्या सर्वांनी एखाद्या रविवारी अंगणात कॉम्प्रेसर जोडून नुसती हवा भरून पाहावी. त्यासाठी सीलंटची बाटली उघडण्याची गरज नाही.